वायेदुपार येथील एक रात्र

मनुष्य देशांतर करूं लागला म्हणजे आपल्याबरोबर भांडींकुंडीं, धर्मग्रंथ व बीं-बियाणें नेतो, हें आपण इतिहासाच्या तासाला शिकतों. परंतु तो वाद्येंही नेतो, आणि तीं वाद्यें कालांतरानें त्यास सोडून परक्यांच्या घरीं कायमचीं नांदूं लागतात, ही गोष्ट क्रमिक पुस्तकांत सहसा आढळत नाहीं. आपल्या शाळेच्या प्रार्थनेच्या वेळीं जी बाजाची पेटी वाजते तिचेंच पहा ना! इ. स. १८४० च्या सुमारास पॅरिस शहरांत आलेक्झांद्र दबें नांवाच्या कारागिरानें तिला जन्म दिला. मिशनरी लोकांनीं ती पायपेटीच्या रूपानें आपल्या देशांत आणिली. येथील कारागिरांनीं तिचे पाय काढून तिला मांडी घालून बसावयास शिकविलें. आणि आज ती वारकऱ्यांच्या भजनांत, संगीत नाटकांत व आपल्या देवळांत अशी ठाण मांडून बसली आहे कीं, ही मूळची फ्रेंच बाई असें कोणीं सांगितल्यास खेडूत मनुष्य हंसूंच लागेल. मध्यंतरीं १९४० सालीं नभोवाणीनें तिला परकी ठरवून दारांतून बाहेर काढिलें होतें. ती बंदी उठावयास सुमारें तीस वर्षें लागलीं. तेवढ्या अवधींत देवळांतील व देवळाबाहेरील भजनें कांहीं थांबलीं नाहींत.

ह्या पेटीची एक चुलत बहीण आहे. तिचें नांव अकॉर्डियन. दोघींचाही प्राण एकच, म्हणजे वाऱ्याच्या झोतानें थरथरणारी धातूची जीभ. परंतु एक हिंदुस्थानांत आली व दुसरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जर्मन व्यापाराच्या ओघांत दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर उतरली. तेथें गुराख्यांनीं व शेतमजुरांनीं ती उचलली, आणि तिचें पुढें काय झालें हें आम्हांस प्रत्यक्ष पाहावयास मिळालें. त्या रात्रीची हकीकत आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या वडील माणसांस सांगावी, असें पुष्कळ दिवस मनांत होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं मिशनच्या शाळांतून शिकविणाऱ्या शिक्षकांच्या एका संमेलनानिमित्त उन्हाळ्याच्या सुटींत कोलंबिया देशीं जाण्याचा आम्हांस योग आला. संमेलन संपल्यावर तेथील एका गणितशिक्षक मित्रांनीं आम्हांस आपल्या गांवीं नेण्याचा आग्रह धरिला. त्यांचें गांव वायेदुपार. आणि दिवस एप्रिलच्या अखेरचे, म्हणजे नेमके तेथील संगीतोत्सवाचे.

वायेदुपार हें सेसार प्रांताचें मुख्य ठिकाण. १५५० सालीं स्पॅनिश लोकांनीं तें वसविलें, आणि उपार नांवाच्या तेथील मूळच्या एका नायकावरून त्याचें नांव पडलें. एका बाजूस सिएरा नेवादा दे सान्ता मार्ता हा पर्वत. त्याचीं शिखरें इतकीं उंच कीं विषुववृत्ताच्या एवढें जवळ असूनही त्यांवर बर्फ असतें. दुसऱ्या बाजूस पेरिहा डोंगरांची रांग. मधल्या सखल प्रदेशांत ऊन मात्र आपल्या सोलापूरची आठवण करून देणारें! त्या बर्फाच्या डोंगरांतून निघून गांवाच्या अंगानें वाहणाऱ्या नदीचें नांव ग्वातापुरी. हें नांव प्रथम ऐकिलें तेव्हां एखाद्या तीर्थक्षेत्राचें नांव ऐकावें तसें वाटलें. अर्थात् आपल्या पुरीशीं त्याचा कांहीं एक संबंध नाहीं. आंब्याचें मात्र तसें नव्हे. त्या गांवांतील रस्त्यांवर जिकडे तिकडे आंब्याचीं झाडें आहेत, मुख्य चौकांतही एक जुना आंबा उभा आहे, आणि हें झाड खरोखरच आपल्या देशांतून समुद्रमार्गानें तिकडे गेलेलें आहे. पाडाचे आंबे गोळा करणारीं पोरें तेथेंही दगड मारतात व तेथेंही घरमालक ओरडतो.

त्या प्रदेशाच्या गाण्यास वायेनातो म्हणतात. वाद्यें मुख्यतः तीनच. पहिलें अकॉर्डियन, तें आलें युरोपांतून. दुसरें काहा, म्हणजे गुडघ्यांत धरून दोन्ही हातांनीं वाजविण्याचा एका तोंडाचा लहानसा ढोल. तो आफ्रिकेंतून गुलाम म्हणून आणिलेल्या लोकांच्या स्मरणांतून आला. तिसरें ग्वाचाराका, हें तेथील आदिवासींचें. वेताच्या जातीच्या एका दांड्यावर बारीक खांचा पाडावयाच्या व तारेच्या कांट्यानें त्या घासावयाच्या, एवढेंच. त्या नांवाचा एक रानपक्षी आहे, त्याच्या ओरडण्यासारखा हा आवाज असतो म्हणून हें नांव. ज्या तीन समाजांनीं एकमेकांवर काय काय जुलूम केले व सोसले हें इतिहास सांगतो, त्या तिघांचीं वाद्यें एका चटईवर बसून असा एकजीव ताल धरितात, हें पाहून आम्हांस तरी फार नवल वाटलें.

पूर्वीं हे गायक एका गांवाहून दुसऱ्या गांवास गाढवावर किंवा पायीं जात व कोठें कोणाचें लग्न मोडलें, कोठें गुरें चोरीस गेलीं, कोण कोणावर रुसलें, हें सर्व गाण्यांत गुंफून सांगत. वर्तमानपत्र नव्हतें तेथें हेंच वर्तमानपत्र. त्यांतील एक थोर कवि लेआन्द्रो दीआस हे १९२८ सालीं जन्मले ते जन्मांधच. रंग कधीं पाहिला नाहीं, अक्षर कधीं वाचिलें नाहीं, आणि तरी त्यांच्या गाण्यांतील पदें गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनीं आपल्या एका कादंबरीच्या आरंभीं घातलीं. ह्याच मार्केस यांनीं आपली सर्वांत प्रसिद्ध कादंबरी म्हणजे साडेतीनशें पानांचा एक वायेनातोच आहे असें म्हटलें होतें, आणि १९८२ सालीं नोबेल पारितोषिक घेण्यास ते स्टॉकहोम येथें गेले तेव्हां ह्या गायकवादकांचा ताफा त्यांच्याबरोबर होता.

आपल्याकडे कलगीवाले व तुरेवाले शाहीर डफ व तुणतुणें घेऊन समोरासमोर उभे राहतात व एकानें घातलेला प्रश्न दुसऱ्यानें पद्यांत सोडवावयाचा असतो, हें आमच्या वाचकांपैकीं वडील माणसांनीं तरी पाहिलें असेल. तेथेंही तंतोतंत तसाच प्रकार आहे. त्यास पिकेरिया म्हणतात. दोघांनीं आयत्या वेळीं कवनें रचून एकमेकांस टोमणे मारावयाचे, आणि जो अडखळला तो हरला. एमिलियानो सुलेता व लोरेन्सो मोरालेस ह्या दोन वादकांत १९३० नंतरच्या दशकांत असेंच वैर लागलें. कित्येक वर्षें ते एकमेकांवर गाणीं रचून पाठवीत होते. त्यांतून सुलेता यांचें 'ला गोता फ्रिया' हें गाणें निघालें, तें १९९३ सालीं कार्लोस विवेस ह्या तरुण गायकानें पुन्हां गाऊन देशोदेशीं नेलें. गंमत ही कीं पुढें हे दोघे वैरी चांगले मित्र झाले व दोघेही खूप वृद्ध होऊन वारले.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. आमच्या मित्रांच्या घरीं त्या दिवशीं एक अवघड प्रसंग उभा होता. त्यांचा मुलगा, वय वर्षें अकरा, मुलांच्या अकॉर्डियन-स्पर्धेंत उतरला होता. घरांत त्यांचे वडीलही होते, वय ऐंशीच्या पुढें. हे वृद्ध गृहस्थ तरुणपणीं एका मोठ्या गुरांच्या वाडीवर कामास असतां उत्तम अकॉर्डियन वाजवीत. परंतु वायेनातोची बैठक म्हणजे रात्रभर दारू, आणि कधींकधीं पहांटे सुरे. तिशीच्या सुमारास त्यांनीं हें सर्व सोडून तेथील एका लहानशा प्रॉटेस्टंट मंडळींत प्रवेश केला, आणि बाप्तिस्मा घेतला त्याच आठवड्यांत आपलें अकॉर्डियन शेजारच्या गांवच्या मनुष्यास देऊन टाकिलें. तेव्हांपासून पन्नास वर्षें त्यांनीं त्या वाद्यास हात लाविला नव्हता, उत्सवास पाऊल टाकिलें नव्हतें. नातू शिकवणीस जातो हें त्यांस ठाऊक होतें. त्याविषयीं ते होय म्हणत नसत व नाहींही म्हणत नसत. मुलगा मागच्या अंगणांत सराव करूं लागला म्हणजे ते खुर्ची उचलून पुढच्या ओटीवर जाऊन बसत. "एवढ्या एका बाबतींत आमच्या घरांत कोणी बोलत नाहीं," असें आमच्या मित्रांनीं आम्हांस विमानांतच सांगितलें होतें.

हें ऐकून आम्हांस विशेष परकें असें कांहीं वाटलें नाहीं. आमचे पणजोबा ढोलकीपटू होते. ते ख्रिस्ती झाले त्या दिवशीं त्यांनीं ढोलकी आढ्यास टांगली ती टांगलीच. तिचें कातडें उंदरांनीं खाल्लें, असें आमची आजी सांगे. आजकालचे कांहीं विद्वान् लोक ह्या गोष्टी ऐकून पूर्वीच्या मिशनरी लोकांस व आपल्या पूर्वजांस नांवें ठेवितात. आमचें मत निराळें आहे. ढोलकीबरोबर ताडीचें मडकें येत होतें आणि मडक्याबरोबर बायकोचे दागिने सावकाराकडे जात होते. ज्यास तीन्ही एकदम सोडावयाचीं होतीं त्यानें कोणतें निरपराधी व कोणतें अपराधी हें तोलीत बसावें, अशी अपेक्षा करणें हें सुखवस्तु मनुष्याचें तत्त्वज्ञान आहे. तें तोलण्याचें काम पुढच्या पिढीचें. आपल्याकडे तें रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारख्यांनीं केलें. अभंग, कीर्तन, टाळ यांस त्यांनीं प्रभूच्या सेवेंत मानानें बसविलें, आणि आज उपासनेंत तबला वाजला म्हणून कोणी उठून जात नाहीं. दाविदाच्या दीडशेंव्या स्तोत्रांत डफ, तारांचीं वाद्यें व झांजा यांची जी यादी आहे, तींत हें वाद्य शुद्ध व तें अशुद्ध असा भेद कोठेंही नाहीं, हें आमच्या मित्रांसही आम्हीं बोलून दाखविलें. ते म्हणाले, "माझ्या वडिलांस तें स्तोत्र मुखोद्गत आहे. अडचण स्तोत्राची नाहीं."

सायंकाळीं पांचच्या सुमारास आम्हीं निघण्याची तयारी केली. मित्र, त्यांच्या पत्नी, बारांकियाहून आलेले दुसरे एक शिक्षक व आम्ही. मुलगा आपल्या गुरुजींबरोबर आधींच गेला होता. दारापाशीं पाहतों तों वृद्ध गृहस्थ स्वच्छ पांढरा सदरा घालून, वेताच्या पट्ट्यांची काळी-पांढरी टोपी हातांत घेऊन उभे. कोणीं कांहीं विचारलें नाहीं. सूनबाईंनीं फक्त त्यांच्यासाठीं एक उशी बरोबर घेतली.

रस्त्यांत काय गर्दी! उत्सवाच्या आरंभीं पिलोनेरा नांवाच्या स्त्रियांची मिरवणूक निघते; ती आम्हांस आदल्या दिवशीं दिसली होती. फुलाफुलांचे मोठे घेरदार झगे, केंसांत फुलें, आणि हातांत मक्याचें कांडण करण्याच्या मुसळांची आठवण देणारी चाल. पूर्वीं मका कांडतांना बायका जीं गाणीं म्हणत त्यांतूनच हें नृत्य निघालें. जात्यावरच्या ओव्या ज्यांनीं लहानपणीं अंथरुणांत पडून ऐकिल्या आहेत त्यांस ह्याचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

हा उत्सव १९६८ सालीं सुरू झाला. त्यामागें तीन व्यक्ति होत्या: त्या वेळचे प्रांताधिपति आल्फोन्सो लोपेस मिकेल्सेन, जे पुढें कोलंबियाचे राष्ट्राध्यक्ष झाले, गीतकार राफाएल एस्कालोना, आणि कोन्सुएलो आराउहो नोगेरा ह्या पत्रकार बाई. त्यापूर्वीं मोठ्या लोकांच्या मेजवान्यांत अकॉर्डियनला दिवाणखान्यांत जागा नसे. तें मागच्या अंगणांत, चाकरमाणसांच्या घोळक्यांत वाजे, आणि मेजवानी संपत आली म्हणजे यजमानच चोरून तिकडे जात. चौकांत व्यासपीठ घालून ह्या लोकांस सर्वांसमोर बसवावयाचें व त्यांतील श्रेष्ठास राजा म्हणावयाचें, ही कल्पना त्या काळीं धाडसाचीच होती. कोन्सुएलो बाईंनीं तो उत्सव तीस-बत्तीस वर्षें पोसला. त्या देशाच्या संस्कृतिमंत्रीही झाल्या. सप्टेंबर २००१ मध्यें एका धार्मिक समारंभाहून परत येत असतां फार्क नांवाच्या सशस्त्र बंडखोरांनीं त्यांस पळवून नेलें, आणि थोड्याच दिवसांत त्यांचें शव डोंगरांत सांपडलें. पुढच्या एप्रिलांत उत्सव झालाच. अंतिम स्पर्धा होते त्या मोठ्या प्रांगणास आतां त्यांचें नांव आहे.

राजा होऊं इच्छिणाऱ्या प्रत्येक वादकास चार चाली वाजवून दाखवाव्या लागतात: पासेओ, सोन, मेरेंगे व पुया. सोन संथ व कष्टी, पासेओ रमतगमत चालणारा, मेरेंगे झोंकदार, आणि पुया इतका द्रुत कीं बोटें दिसेनाशीं होतात. ज्या अकॉर्डियनावर हें वाजवितात तें बहुतेक जर्मनींतील ट्रॉसिंगेन गांवच्या होनर कारखान्याचें असतें. त्यास आपल्या पेटीसारख्या पट्ट्या नसतात. उजव्या हातास तीन ओळींत एकतीस गुंड्या, डाव्या हातास खर्जाच्या बारा. शिवाय भाता ओढतांना एक स्वर व दाबतांना दुसरा, अशी योजना असल्यामुळें श्वास व बोट यांचा हिशेब क्षणोक्षणीं जुळवावा लागतो. आमच्या गणितशिक्षक मित्रांस हें वाद्य कधींच आलें नाहीं, ते म्हणत, "मला बीजगणित परवडलें!"

अकॉर्डियनाच्या डाव्या हाताविषयीं एक गोष्ट त्या प्रदेशांत लहान पोरासही ठाऊक आहे. पहिल्या उत्सवाचा राजा आलेहो दुरान हा काळासांवळा, धिप्पाड, गुरांच्या वाडीवर काम करून वाढलेला मनुष्य. त्याचा खर्जाचा हात फार नांवाजलेला. १९८७ सालीं पूर्वींच्या सर्व राजांची मिळून स्पर्धा झाली, राजांचा राजा निवडण्यासाठीं. दुरान अडुसष्ट वर्षांचा होता आणि हजारों लोक त्याच्याच विजयासाठीं आले होते. शेवटचा पुया वाजवीत असतां खर्जांत त्याचें बोट चुकलें. परीक्षकांखेरीज तें कोणास कळलेंही नसतें. त्यानें वाजविणें थांबविलें आणि आपण आपणांस स्पर्धेंतून बाद केलें आहे असें लोकांस स्वतःच्या तोंडानें सांगितलें. राजांचा राजा त्या दिवशीं कोलाचो मेंडोसा झाला. दोन वर्षांनीं दुरान वारला. बारांकियाच्या शिक्षकांनीं ही गोष्ट गर्दींतून वाट काढतां काढतां आम्हांस सांगितली, तेव्हां वृद्ध गृहस्थ प्रथमच बोलले. ते म्हणाले, "मीं त्याला वाजवितांना पाहिलें आहे. चौसष्ट सालीं. माझ्याहून फार बरा नव्हता." आणि हंसले. त्यांच्या मुलानें आपल्या पत्नीकडे पाहिलें. बहुधा हा विषय त्या घरांत पन्नास वर्षांत निघाला नसावा.

मुलांची स्पर्धा चौकापासून कांहीं अंतरावरील एका व्यासपीठावर होती. आठ-नऊ वर्षांचीं मुलें, छातीवर जवळजवळ आपल्याएवढें अकॉर्डियन बांधून, परीक्षकांसमोर उभीं राहत. शेजारीं काहा व ग्वाचाराका वाजविणारे दोघे. एका चिमुकल्या मुलीनें तर असा मेरेंगे वाजविला कीं आमच्या मागील आंब्यांच्या गाडीवाल्यानें गिऱ्हाईक सोडून टाळ्या दिल्या. मुलींस हें वाद्य शिकविण्याची पूर्वीं चाल नव्हती. २०१९ पासून मोठ्या स्त्रियांसाठींही राजाच्या तोडीची निराळी स्पर्धा ठेविली आहे. आमच्या शाळेंतील मुलींनीं हें वाक्य दोनदां वाचावें.

आमच्या मित्रांच्या मुलाची पाळी आठच्या पुढें आली. त्यानें पासेओ चांगला वाजविला. सोन त्याहून चांगला; एवढ्याशा मुलास एवढें दुःख कोठून ठाऊक, असें वाटावें. मेरेंग्यांत भाता थोडा अडखळला, पण सांवरला. पुया सुरू झाला तेव्हां आम्हीं शेजारीं पाहिलें. वृद्ध गृहस्थांनीं डोळे मिटून घेतले होते. उजवा हात टोपीवर स्थिर होता. डाव्या हाताचीं बोटें मात्र गुडघ्यावर चालत होतीं; मुलाच्या खर्जाबरोबर नव्हे, तर त्याच्या पुढें किंचित्, जणूं वाट दाखवीत. शेतांत काम करून वांकडीं झालेलीं तीं बोटें एकदांही अडलीं नाहींत.

निकाल लागला. मुलाचें नांव पुढच्या फेरींत नव्हतें.

तो खालीं आला तेव्हां त्याचा चेहरा पाहवत नव्हता. आईनें जवळ घेतलें. बापानें पाठीवर हात ठेविला आणि पुढच्या वर्षाविषयीं कांहीं बोलूं लागला. मुलगा मात्र आजोबांकडे पाहत होता. आम्ही शिक्षक, परीक्षेच्या निकालानंतर मुलें कोणाकडे पाहतात हें ओळखण्याची आम्हांस संवय आहे. आजोबांनीं त्यास समोर उभें केलें व स्वच्छ आवाजांत सांगितलें कीं, त्याचा उजवा हात उत्तम आहे, परंतु डावा हात झोंपलेला आहे. मेरेंग्यांत भाता अडखळला तो बोटांमुळें नव्हे, तर खर्ज उशिरां आल्यामुळें. आणि खर्ज म्हणजे घराचा पाया, तो नंतर घालतां येत नाहीं. मुलानें विचारलें, "मग तो जागा कसा करावयाचा?" आजोबा म्हणाले, "उद्यां अंगणांत दाखवीन." आमच्या मित्रांनीं हें सर्व आम्हांस नंतर भाषांतर करून सांगितलें, त्या क्षणीं ते कांहींच बोलूं शकले नाहींत, चष्मा पुसत राहिले.

नंतर आम्ही चौकांत गेलों. व्यासपीठास तेथें फ्रान्सिस्को एल ओम्ब्रे ह्याचें नांव दिलेलें आहे. त्याची दंतकथा आपल्या मुलांस आवडेल. हा फ्रान्सिस्को रात्रीं गाढवावर बसून अकॉर्डियन वाजवीत घरीं चालला असतां काळोखांतून दुसरें अकॉर्डियन त्याला उत्तर देऊं लागलें, आणि तें इतकें सुंदर कीं त्याचे हातपाय गळाले. तो दुसरा वादक म्हणजे प्रत्यक्ष सैतान. तेव्हां फ्रान्सिस्कोनें ख्रिस्ती मतांगीकार शेवटापासून आरंभापर्यंत उलटा गाऊन दाखविला आणि सैतान ओरडत डोंगरांत पळाला. आमच्या पाळकसाहेबांस ही युक्ति कितपत पसंत पडेल याची आम्हांस शंका आहे. आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस तो सरळ म्हणतांनाच जे कष्ट पडतात ते पाहतां सैतानास आमच्या शाळेंत फारशी भीति नाहीं.

चौकांत मध्यरात्रीपर्यंत बसलों. लोक नाचत होते. आजा नातीबरोबर, सासू जांवयाबरोबर. दारूही वाहत होती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं, आणि आमच्या बाकावर ती आली तेव्हां वृद्ध गृहस्थांनीं हातानें ती पुढें सरकविली. इतक्या सहज, कीं देणाऱ्यासही राग आला नाहीं. आम्हीं भाजलेले मक्याचे दाणे व आंबे खाल्ले. २०१५ सालीं युनेस्कोनें हें संगीत तांतडीनें जतन करण्याजोग्या वारशांच्या यादींत घातलें, याचें कारण बारांकियाच्या शिक्षकांनीं समजावून दिलें: सशस्त्र कलहामुळें खेड्यांतील रात्रीच्या बैठकी मोडल्या, आणि बाजारी नवीं गाणीं जुन्या चालींस मागें ढकलूं लागलीं. एवढ्या गोंगाटांत बसून तें ऐकतांना मौज वाटली. पण त्यांचें म्हणणें असें होतें कीं गर्दी वेगळी व बैठक वेगळी. तें आम्हांस पटलें. आपल्याकडेही ढोलकी ध्वनिवर्धकावर गाजते तेव्हां गांवांतला ढोलकीवाला घरींच बसलेला असतो.

घरीं परततांना रात्रीचे दोन वाजले होते. मोटारींत वृद्ध गृहस्थांनीं आम्हांस आपल्या देशांतील पेटीविषयीं विचारिलें. आम्हीं सांगितलें कीं उजव्या हातानें पट्ट्या दाबावयाच्या व डाव्या हातानें मागचा भाता हलवावयाचा. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे डावा हात नुसता वारा घालतो?" आम्हीं होय म्हटलें. "मग खर्ज कोण धरतें?" आम्हीं म्हटलें, "तबला. आणि देवळांत मागें बसणारे म्हातारे." ह्या उत्तरानें ते फार प्रसन्न झाले.

पुढें रस्ता खडबडीत होता. मुलगा आईच्या खांद्यावर झोंपी गेला होता व अकॉर्डियन त्याच्या मांडीवरून घसरूं लागलें होतें. प्रत्येक गचक्यासरशी भाता उघडून एक दीर्घ, बेसूर उसासा निघे. वृद्ध गृहस्थ पुढें वांकले, त्यांनीं तें अलगद आपल्या मांडीवर घेतलें, भात्याचे दोन्ही चामडी पट्टे चांचपून एकामागून एक बंद केले, आणि घर येईपर्यंत त्यावर टोपी ठेवून बसून राहिले.